जंप केबल जोडायच्या आधी मीटर लावा

ट्रकच्या वायरिंग कामाला नवीन लागलेल्या पोरांसाठी लिहितोय. सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) लागत नाही म्हणलं की बॅटरी डाऊन, काढ जंप केबल (दुसऱ्या गाडीच्या बॅटरीवरून करंट घ्यायची वायर), हे सगळ्यांच्या डोक्यात बसलेलं असतं, माझ्याही होतं.

नाशिकच्या आडगावला ट्रक टर्मिनलजवळ कामाला होतो, जानेवारीतली कडाक्याची थंडी, कांदा भरलेली गाडी आणि ड्रायव्हरला वाशी मार्केट गाठायचं होतं. मी शेजारच्या ट्रकवरून जंप दिला, लाल प्लसला, काळा सरळ बॅटरीच्या मायनसला. किल्ली मारली तर कट्ट, इंजिन जेमतेम हललं आणि थांबलं. तीनदा तेच. वस्ताद आले, आधी केबल काढायला लावली न दोन्ही बॅटऱ्या मिळून मीटर लावला तर 25.3 व्होल्ट, म्हणजे बॅटरी फुल्ल! मग मीटरची एक वायर बॅटरीच्या मायनसला, दुसरी इंजिन ब्लॉकला धरून म्हणाले, मार सेल्फ. मीटरवर 11 व्होल्ट. तिथं अर्ध्या व्होल्टच्या वर दिसायला नको, आणि इथं निम्मा करंटचा जोर अर्थिंगमधेच, म्हणजे बॅटरीच्या मायनसपासून इंजिनपर्यंतच्या रस्त्यातच, मरत होता. गाडीखाली शिरलो तर इंजिनची अर्थिंग पट्टी चासीला जिथं बोल्टनं धरलेली असते तिथं नुसता गंज, पॉलिश पेपरनं घासून चकचकीत केली, बोल्ट आवळला आणि पहिल्या सेल्फला गाडी चालू. मी काळा चिमटा इंजिनच्या उघड्या लोखंडाला लावला असता तर तेव्हाच कळलं असतं, आणि तसाही तो तिथंच लावायचा असतो, बॅटरीतून हायड्रोजन निघतो, वर ठिणगी पडली तर बॅटरी फुटते, तोंडावर ॲसिड येतं.

आवाज नीट ऐका. टकटकटक होतंय आणि लाईट मंद होतेय तर बॅटरी उतरलीय नाहीतर टर्मिनल ढिलं आहे, जंप इथंच कामाचा. एकच कट्ट आणि हेडलाईट लख्ख, तर आधी वरच्यासारखी अर्थिंग तपासा, ती ठीक असली तर सोलेनॉइडचे (सेल्फवरच्या स्विचचे) कॉन्टॅक्ट जळलेत किंवा सेल्फमधले कार्बन ब्रश झिजलेत, मग कितीही जंप द्या सेल्फ उतरवावाच लागतो.

मोठ्या ट्रकला 12 व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमधे असतात, एकूण 24, त्यामुळे जंप 24 च्याच गाडीवरून, कारवरून अजिबात नाही. आणि दोन बॅटऱ्यांना जोडणाऱ्या मधल्या पट्टीला चिमटा लावू नका, सेल्फला जाणारा प्लस शोधा. एका वेळी दहा सेकंदाच्या वर सेल्फ मारू नका, मधे मिनिटभर थांबा, नाहीतर सेल्फचं आर्मेचर (आतली फिरणारी गुंडाळी) जळतं.

गाडी न्यूट्रलला, हँडब्रेक, चाकाला गुटका, हे झाल्याशिवाय खाली जायचं नाही. सेल्फला पाना टेकवून डायरेक्ट करणारे बघितलेत मी, गाडी गिअरमधे असली तर ती जागेवरून सुटते आणि आपण चाकासमोर असतो, कोणी किती घाई केली तरी हे करू नका.

गाडी चालू झाली की रेस देऊन बॅटरीवर परत मीटर लावा, 27-28 दिसले तर अल्टरनेटर चार्ज करतोय. 25 च्या खालीच राहिलं तर ड्रायव्हरला तिथंच सांगा, कसारा घाटात गाडी बंद पडली तर तिथं रात्री कोण जंप देणार त्याला.