मुलं आणि मैदान: लेन्स निवडावी कशी?

फोर्टच्या बोराबाजारात कॅमेऱ्याच्या दुकानाची पायरी चढण्याआधी दोन गोष्टी लिहून काढा: मूल तुमच्यापासून किती लांब असतं आणि तिथे उजेड किती असतो.

आधी अंतर. फ्रेममध्ये किती मावेल याचा हिशेब शाळेतलाच आहे. सेन्सरच्या (कॅमेऱ्यातली प्रकाश टिपणारी पट्टी) लांब बाजूला लेन्सच्या फोकल लेंग्थने (लेन्सवरचा मिमीतला आकडा) भागायचं आणि अंतराने गुणायचं. नेहमीच्या क्रॉप सेन्सर, म्हणजे लहान सेन्सरच्या, कॅमेऱ्यात ही बाजू साधारण २३ मिमी असते. आता शिवाजी पार्कवर सीमारेषेबाहेर उभे राहा. फलंदाज ६० मीटरवर, हातात २०० मिमीची लेन्स, कॅमेरा उभा धरलेला. फ्रेममध्ये जवळजवळ ७ मीटर उंची मावते आणि सव्वा मीटरचा तुमचा मुलगा तिचा पाचवा हिस्सासुद्धा भरत नाही. ३०० मिमी लावली की तीच उंची साडेचार मीटरच्या आसपास येते, मग थोडं क्रॉप करून काम भागतं. कबड्डीला मात्र रेषेपासून आठ मीटरवर ८५ मिमी पुरते. चढाई करणारी मुलगी डोक्यापासून पायापर्यंत मिळते. आणि घरी? आपल्या दहा फुटी खोलीत भिंतीला पाठ टेकवूनही ५० मिमी अडचणीची होते. तिथे ३५ मिमी.

मग उजेड. धावणाऱ्या मुलासाठी शटर स्पीड, म्हणजे शटर उघडं राहण्याचा वेळ, १/१००० सेकंद धरा, घरातल्या दंग्याला बहुतेक वेळा १/२५० चालतो. लेन्सवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं स्टॅबिलायझेशन फक्त तुमचा हात हलला तर सांभाळून घेतं. मूल हललं तर त्याचा काहीच उपयोग नाही. तिथे मोठं अॅपर्चरच लागतं, म्हणजे लेन्सचं प्रकाश आत घेणारं तोंड; ‘एफ’पुढचा आकडा लहान तितकं ते मोठं. एफ/२.८ वर एफ/५.६ च्या चौपट प्रकाश आत येतो. शाळेच्या हॉलमध्ये एफ/५.६ ला आयएसओ (प्रकाशाबाबतची संवेदनशीलता; वाढवली की फोटोत दाणे येतात) १२८०० लागत असेल, तर त्याच शटर स्पीडला एफ/२.८ वर ३२०० पुरतो आणि एफ/१.८ वर १३०० च्या आसपास. फोटोतल्या दाण्यांचा फरक नुसत्या डोळ्यांना कळतो.

म्हणून माझं मत: पहिली ३५ मिमी एफ/१.८, दुसरी ७०-३०० ची साधी झूम. भर उन्हातल्या क्रिकेटला आणि खो-खोला एवढं पुष्कळ झालं. ‘एकातच सगळं’ म्हणून खपवल्या जाणाऱ्या १८-३०० च्या नादी लागू नका. प्रवासाला ठीक, पण शाळेच्या हॉलच्या कमी उजेडात ती हात टेकते. ७०-२०० एफ/२.८ सुरेख खरी, पण महाग आणि एक ते दीड किलोची. गॅदरिंगपुरती भाड्याने आणा.

दुकानात काउंटरवरचा डबा फोकस करून काही कळत नाही. दुकानदाराला विचारून दारात या, कंटिन्युअस फोकस (हलत्या वस्तूवर सतत फोकस धरणारा) लावा आणि समोरून येणाऱ्या हातगाडीचे सलग फोटो काढा. स्क्रीनवर मोठे करून बघा, गाडी जवळ येईपर्यंत हमालाचा चेहरा किती फोटोंत स्पष्ट आहे ते.

सेकंडहँड घेताना दोन्ही झाकणं काढून मागून मोबाइलचा टॉर्च मारा. मुंबईच्या दमट हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे काचेच्या कडेला दिसले, तर दुकानदाराने भाव निम्म्यावर आणला तरी ती परत करा. धड निघाली तर घरी हवाबंद डब्यात सिलिका जेलसोबत ठेवा, आणि जेल ओलसर झालं की बदला.