विद्यार्थिनी परिषद आणि मंडळं: महिला महाविद्यालयात या चुका टाळा

महिला महाविद्यालयाचा एक मोठा फायदा असतो आणि तोच सगळ्यात आधी वाया जातो. इथे जीएस (परिषदेची सरचिटणीस) मुलगी, खजिनदार मुलगी, क्रीडा प्रतिनिधी मुलगी. मिश्र कॉलेजात रांगोळी आणि सूत्रसंचालन मुलींकडे, हिशेब आणि साउंड मुलांकडे, अशी वाटणी कुणी न ठरवताच होऊन जाते. इथे ती व्हायचं काही कारण नाही. तरीही होते, कारण मुलांच्या जागी मॅडम, ऑफिसमधले काका आणि कुणाचा तरी भाऊ उभा राहतो. वर्षअखेरीला परिषदेने काय केलं म्हणाल, तर पाहुण्यांना पुष्पगुच्छ दिले आणि आभार मानले. खाली लिहिलेल्या बऱ्याच चुकांचं मूळ इथेच आहे.

पैसे मुलींच्या हाती न देणं

मला सगळ्यात जास्त खटकते ती ही चूक. गॅदरिंगचं बजेट मॅडम ठरवतात, मंडपवाल्याशी ऑफिस बोलतं आणि खजिनदार मुलगी शेवटी तयार हिशेबावर सही करते. तीन वर्षं कॉलेजात काढून तिला व्हाउचर भरता येत नाही.

सुरुवात जुलैतच करा. विद्यार्थी उपक्रमांसाठी फीमधून किती रक्कम जमा होते आणि ती कोणत्या खात्यावर पडते, हे परिषदेने ऑफिसला लेखी विचारावं. लेखीच, कारण तोंडी विचारलं की 'बघू नंतर' एवढंच उत्तर मिळतं. मोठ्या खर्चाला तीन कोटेशन घ्या, पण तिन्हींना प्रश्न एकच विचारा, नाहीतर तुलनाच होत नाही. साउंडवाल्याला विचारायचं: कॉर्डलेस माइक किती? ऑपरेटर कार्यक्रम संपेपर्यंत थांबणार का? जनरेटर दरात धरलाय की वेगळा? वाहतुकीचे पैसे कोण देणार? बिल जीएसटीचं की साधं? ही उत्तरं एका तक्त्यात मांडली की सगळ्यात कमी दराचा माणूस बऱ्याचदा सगळ्यात महाग निघतो आणि ते मुलींना स्वतःच्या डोळ्यांनी दिसतं. फोनवर घासाघीसही त्यांनीच करावी. मॅडमनी शेजारी बसावं, बोलू नये.

व्हाउचरवर तारीख, कारण, अंकी आणि अक्षरी रक्कम आणि घेणाऱ्याची सही हवी. रोख 5000 रुपयांच्या वरची पावती असेल तर एक रुपयाचं महसुली तिकीट लावून त्यावर सही घ्या. ऑडिटला याच बारीक गोष्टी अडतात.

सहलीची किंवा ड्रेसची वर्गणी एका मुलीच्या यूपीआयवर गोळा करू नका. पुष्कळ मुलींचं खातं वडिलांच्या मोबाइल नंबरला जोडलेलं असतं. मेसेज घरी जातात, पैसे घरखर्चात मिसळतात आणि दोनशे रुपयांचा फरक आला तरी संशय त्या मुलीवर राहतो. कॉलेजच्या खात्याचा क्यूआर वापरा, नाहीतर पावतीपुस्तक. ते जमत नसेल तर वर्गणीच काढू नका.

बैठकीची वेळ

'मुली बैठकीला येतच नाहीत' ही तक्रार घेऊन येणाऱ्यांना मी आधी बैठकीची वेळ विचारते. उत्तर बहुधा 'कॉलेज सुटल्यावर' असंच येतं. म्हणजे एसटीने येणाऱ्या, घरी जाऊन स्वयंपाकाला हात लावणाऱ्या, दुपारनंतर दुकानात काम करणाऱ्या सगळ्या बाहेर. उरतात हॉस्टेलच्या आणि गावातल्या. मग निर्णय त्यांचेच होतात आणि बाकीच्यांना परिषद परकी वाटू लागते. मधल्या सुट्टीला जोडून एक तास प्राचार्यांकडून वेळापत्रकातच मागून घ्या. मागितल्यावर मिळतो, पण मागावा लागतो. गॅदरिंगच्या तालमी तरी उजेडातच संपल्या पाहिजेत. उशीर झालेल्या एका संध्याकाळनंतर घरचे पुढच्या वर्षी नावच घालू देत नाहीत.

इतिवृत्त

बैठक झाली, चर्चा झाली, चहा झाला. रजिस्टरमध्ये लिहिलं जातं: 'सॅनिटरी पॅड मशीनबाबत सविस्तर चर्चा झाली.' या ओळीतून पुढे काहीच घडत नाही. तीच नोंद अशी लिहा: 'पहिल्या मजल्यावरचं पॅड मशीन सोमवारपासून बंद. दुरुस्तीसाठी ऑफिसला आज अर्ज. पाठपुरावा: द्वितीय वर्षाची सीआर (वर्गप्रतिनिधी). पुढच्या बैठकीत पहिला विषय हाच.' काय, कोणी, कधीपर्यंत. इतिवृत्त लिहिणारी सचिव दर बैठकीला बदलू नका. मागच्या बैठकीतल्या किती गोष्टी झाल्या हे वाचून दाखवल्याशिवाय नवा विषय घेऊ नका. व्हॉट्सअॅप ग्रुपवर ठरलेल्या गोष्टीही रजिस्टरमध्ये उतरल्या पाहिजेत. ग्रुपवर अंगठे दिसतात, जबाबदारी दिसत नाही.

निवड कशी होते

महाराष्ट्रात महाविद्यालयीन निवडणुका 1990च्या दशकात थांबल्या आणि परिषद गुणवत्तेवर नेमली जाऊ लागली. 2016च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमात कलम 99 आलं. त्यात अध्यक्ष आणि सचिव थेट मतदानाने निवडायची तरतूद आहे, शिवाय राखीव प्रवर्गांसाठी आळीपाळीने एक प्रतिनिधी. एसएनडीटी महिला विद्यापीठालाही हाच कायदा लागू आहे. 2019 साली निवडणुका होणार होत्या, विधानसभा निवडणुकीमुळे त्या पुढे ढकलल्या गेल्या. खुलं मतदान नसेल तिथे निदान वर्गाला विचारल्याशिवाय सीआर नेमू नये. सगळ्यात जास्त गुण असलेली मुलगी परिषदेत आली की अनेकदा ती गप्प बसते. दोष तिचा नसतो, तिला कुणी विचारलेलंच नसतं.

मतदान होणार असेल तर विद्यार्थी निवडणुकांसाठी नियम घालून देणाऱ्या लिंगडोह समितीचे नियम आधीच भिंतीवर लावा. पदाधिकारी व्हायला 75 टक्के उपस्थिती, खर्चाची मर्यादा 5000 रुपये, छापील पोस्टरला मनाई आणि निकालानंतर दोन आठवड्यांत खर्चाचा हिशेब. पदवीच्या मुलींसाठी वय 17 ते 22. ही अट महिला महाविद्यालयात फार बोचते, कारण लग्नानंतर पुन्हा शिकायला आलेल्या कितीतरी जणी तिच्यामुळे बाहेर राहतात. त्यांना निवडणूक लढवता येत नसली तरी मंडळांची सूत्रं देता येतात. घर चालवलेल्या बाईला बजेट शिकवावं लागत नाही.

कागदावरची मंडळं

नोटीस बोर्डावर वाङ्मय मंडळ, निसर्ग मंडळ, ग्राहक मंच, विज्ञान मंडळ अशी लांबलचक यादी असते. प्रत्येकाचा एक दिन, एक बॅनर, एक फोटो. नॅकच्या (कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेच्या) फाइलला तेवढं पुरतं, मुलींना नाही.

एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना) का टिकतं ते बघा. तिथे वर्षाला 120 तास ठरलेले असतात, सात दिवसांचं शिबिर असतं आणि प्रत्येकीची डायरी असते. बाकीच्या मंडळांना असा कणा नसतो. कमी मंडळं ठेवा आणि प्रत्येकाला आठवड्यातला एक पक्का तास द्या. वाङ्मय मंडळाने 27 फेब्रुवारीची वाट कशाला बघायची? दर पंधरा दिवसांनी भित्तिपत्रक बदललं तर वर्षभरात लिहिणाऱ्या मुली आपोआप सापडतात. भित्तिपत्रकावरचा मजकूर मात्र मॅडमनी पुन्हा लिहू नये. शुद्धलेखन सांगावं, विचार बदलू नयेत.

मोबाइल नंबर

'नावनोंदणीसाठी संपर्क' म्हणून दोन मुलींचे नंबर पोस्टरवर छापतात आणि ते पोस्टर इन्स्टाग्रामवर जातं. पुढचे कित्येक महिने त्या मुलींना अनोळखी फोन येत राहतात. घरी कळलं की मोबाइलही जातो आणि मंडळही. नोंदणीला कॉलेजचा ईमेल किंवा परिषदेचं वेगळं सिमकार्ड ठेवा. नाव, नंबर, पत्ता असलेल्या याद्या ग्रुपवर टाकू नका.

परिषदेने न हाताळायच्या तक्रारी

खड्डा, पंखा, ग्रंथालयाची वेळ हे परिषदेचे विषय. छेडछाड किंवा लैंगिक छळाची तक्रार परिषदेच्या बैठकीत आली, तर ती तिथे उघडू नका. माफी मागायला लावून मिटवूही नका. ती कॉलेजच्या अंतर्गत समितीकडे जाते, अशा तक्रारींसाठीच ती असते. 2015च्या यूजीसी नियमांप्रमाणे प्रकरण विद्यार्थिनींचं असेल तर समितीत पारदर्शक पद्धतीने निवडलेल्या विद्यार्थी प्रतिनिधी असायला हव्यात. 'आमच्याकडे सगळ्या मुलीच आहेत, समितीची काय गरज' असं कुठे ऐकू आलं तर शांतपणे सांगा की कर्मचारी, ठेकेदार आणि गेटबाहेरचे लोकही आहेत. समितीतल्या सदस्यांची नावं दर्शनी भागात लावलेली आहेत का, हे परिषदेने पहिल्याच महिन्यात तपासावं.

हस्तांतर

तृतीय वर्षाच्या मुली गेल्या की इन्स्टाग्रामचा पासवर्ड, साउंडवाल्याचा नंबर आणि उधारीची आठवण, सगळं त्यांच्याबरोबर जातं. नव्या मुली पुन्हा शून्यापासून सुरू करतात. जानेवारीपासूनच प्रत्येक पदाधिकाऱ्याबरोबर द्वितीय वर्षाची एक मुलगी जोडा. परीक्षेच्या आधी एक फाइल करून ठेवा. त्यात वर्षाचा हिशेब, कोटेशनचे तक्ते, इतिवृत्ताच्या प्रती, पासवर्ड, कुणाचे पैसे द्यायचे राहिलेत आणि कोणत्या ठेकेदाराला पुन्हा बोलवायचं नाही, हे सगळं असावं. फाइलची एक प्रत परिषदेच्या कपाटात आणि एक ऑफिसात ठेवा. कपाटाची किल्ली मॅडमच्या पर्समध्ये राहू नये. ती नव्या सचिवाच्या हाती सही घेऊन द्या.