जेंटामायसिन, कॅल्शियम आणि माझ्या ११ पेशी

पॅच क्लॅम्प, म्हणजे काचेची बारीक पिपेट पेशीला चिकटवून तिच्यातला विद्युतप्रवाह मोजणं, शिकायला आलेला प्रत्येकजण आधी सीलबद्दल, म्हणजे पिपेट पेशीला घट्ट चिकटण्याबद्दल विचारतो. सील जमतं हो, हात बसायला वेळ लागतो इतकंच. खरी गोची पुढे असते.

माझं काम जेंटामायसिनवर होतं. जेंटामायसिन, निओमायसिन, स्ट्रेप्टोमायसिन ही एकाच गटातली, धनभारित प्रतिजैविकं. हृदयाच्या पेशीतले एल-टाइप कॅल्शियम चॅनेल, म्हणजे कॅल्शियम आत घेणारी दारं, ती बाहेरच्या तोंडाशीच अडवतात. बाहेर कॅल्शियम वाढवलं की अडथळा सैल पडतो.

पेशी काढणं हेच अर्धं काम. उंदराचं हृदय लँगेनडॉर्फवर, म्हणजे रक्तवाहिन्यांतून द्रावण खेळवणाऱ्या उपकरणावर टांगायचं, आधी कॅल्शियमविरहित द्रावण, मग पेशी सुट्या करणारं कोलॅजेनेज हे विकर. साधलं तर डिशमध्ये लांबट, आडव्या पट्ट्यांच्या पेशी दिसतात. कॅल्शियम परत देताना घाई केलीत, तर त्याच पेशी डोळ्यांदेखत आक्रसून गोळा होतात आणि दिवस गेला.

पेशी −४० मिलिव्होल्टवर धरायची, म्हणजे सोडियमचा प्रवाह गप्प बसतो. पिपेटमध्ये सीझियम असलं की पोटॅशियमची लुडबुड नाही. मग ० मिलिव्होल्टवर उडी. पडद्यावरची रेघ खाली झेपावते आणि सावकाश वर येते, तोच आपला कॅल्शियमचा प्रवाह.

जेंटामायसिन सोडलं, रेघ उथळ झाली. अशा ११ पेशी मी खुशीत वहीत उतरवल्या. मीटिंगमध्ये सरांनी एवढंच विचारलं, "औषध धुतल्यावर प्रवाह परत आला का?" मी धुतलंच नव्हतं. नंतर औषधाशिवाय नुसती एक पेशी धरून बसले, तर दहा मिनिटांत तिचाही प्रवाह ओसरला. पेशीतला ऐवज पिपेटमध्ये पाझरत जातो, त्याला रनडाउन म्हणतात. अकराही पेशी बाद.

तेव्हापासून पिपेटमध्ये एटीपी (पेशीचं ऊर्जेचं इंधन) घालते, पहिली काही मिनिटं नुसती बघते, मग औषध, मग धुणं. धुतल्यावर प्रवाह सावरला नाही तर ती पेशी मोजत नाही.

आणि हो, रात्रभर ठेवलेल्या पेशींच्या माध्यमात सवयीनं पेन-स्ट्रेप (पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिनचं मिश्रण) घालू नका. त्यातलं स्ट्रेप्टोमायसिन याच गटातलं, शिवाय ताणानं उघडणारे चॅनेलही ते अडवतं.

हे सगळं ऐकून आईनं फोनवर विचारलं, "मला मागे जेंटाची इंजेक्शनं दिली होती, हृदयाला काही झालं असेल का गं?" डिशमध्ये मी १ मिलिमोलर, म्हणजे १००० मायक्रोमोलर वापरत होते. इंजेक्शननंतर रक्तात जेमतेम १०-२० मायक्रोमोलर असतं. म्हटलं, "हृदयाचं सोड, तेव्हा मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासलं होतं का ते सांग."