लहान वर्कशॉपसाठी सीएनसी ऑपरेटरची मुलाखत कशी घ्यावी

भोसरी किंवा शिरोलीच्या एमआयडीसीत दहा-बारा माणसांचे, सीएनसी म्हणजे संगणकाच्या आज्ञांवर चालणाऱ्या मशीनचे वर्कशॉप चालवणाऱ्या मालकाला भरतीचे काम स्वतःच करावे लागते, आणि तेही बहुधा एखादा ऑपरेटर अचानक सोडून गेल्यावर, मशीन बंद असताना. अशा घाईत अनुभव किती आणि पगार किती हवा एवढेच विचारून “उद्यापासून या” असे सांगितले जाते. पण ऑपरेटरची खरी पारख मशीनजवळच होते, त्यामुळे मुलाखतीचा मोठा भाग तिथेच व्हावा, असे माझे ठाम मत आहे.

मुलाखतीचा निरोप देण्याआधी आपल्याला नेमके कोण हवे आहे, हे कागदावर लिहून काढावे. नुसता जॉब (घडवायचा सुटा भाग) लावून सायकल (मशीनची ठरलेली एक फेरी) चालवणारा ऑपरेटर पुरेल, की ऑफसेट देणारा (माप चुकले तर मशीनमध्ये दुरुस्तीचा आकडा भरणारा), टूल बदलणारा आणि नवीन जॉबचे सेटिंग करणारा सेटर हवा आहे? दोघांच्या पगारात बराच फरक असतो. ऑपरेटरच्या पगारात सेटर शोधणाऱ्या मालकाकडे माणसे टिकत नाहीत. चांगला उमेदवार बहुधा दुसरीकडे नोकरीला असतो, म्हणून त्याची रजा बुडणार नाही असा दिवस द्यावा. पिंपरी-भोसरी पट्ट्यात अनेक कारखान्यांना गुरुवारची सुट्टी असल्याने तो दिवस सोयीचा पडतो.

प्रत्यक्ष परीक्षेसाठी फार तयारी लागत नाही. एक साधे ड्रॉइंग आणि त्याच ड्रॉइंगचे तीन तयार जॉब टेबलावर ठेवावेत. समजा, बाहेरचा व्यास २० मिमी असून टॉलरन्स (मापात चालणारा फरक) अधिक शून्य, उणे ०.०३ आहे, आणि तीनपैकी एक जॉब मुद्दाम २०.०४ चा ठेवला आहे. शेजारी व्हर्निअर आणि मायक्रोमीटर ही मापण्याची दोन्ही साधने ठेवून “यातला कोणता पास कराल?” एवढेच विचारावे आणि नंतर गप्प राहून पाहावे. नेहमीच्या व्हर्निअरचे लघुतम माप ०.०२ मिमी असते, त्यामुळे एवढ्या टॉलरन्ससाठी त्याच्यावर विसंबता येत नाही. जो उमेदवार ०.०१ चे मायक्रोमीटर उचलतो, त्याची तोंडे आणि जॉब पुसून घेतो, आधी शून्य तपासतो आणि शेवटी रॅचेटनेच (दाब मर्यादित ठेवणाऱ्या टोकाच्या फिरकीनेच) आवळतो, त्याच्या हाताला चांगले वळण लागले आहे, असे समजावे. मग २०.०४ चा जॉब दाखवून ऑफसेट किती आणि कोणत्या बाजूला द्याल, असे विचारावे. एक्समध्ये (व्यासाच्या दिशेने) उणे ०.०५ दिले की माप १९.९९ वर येते. हे उत्तर त्याला पाठ असण्याची गरज नाही, पण कागदावर आकडेमोड करून तरी त्याला तिथे पोहोचता आले पाहिजे.

सुरक्षिततेचा प्रश्न कधीही गाळू नये. फिरत्या चकजवळ (जॉब पकडणाऱ्या भागाजवळ) हातमोजे घालता का, चिप्स (धातूचा कीस) कशाने काढता आणि दरवाजा उघडा ठेवून सायकल चालवायला सांगितले तर काय कराल, हे तीन प्रश्न पुरेत. “मालक म्हणाले तर चालवतो” असे उत्तर आले, तर त्याला कामावर घेण्याआधी नीट विचार करावा, कारण बोट गेले तर ते परत येत नाही.

मशीनवरची चाचणी तास-दीड तासाची असावी. दिवसभर थांबवून उत्पादन काढून घ्यायचे असेल, तर त्या दिवसाचा पगार त्याच संध्याकाळी द्यावा. प्रत्येकाला तेच जॉब आणि तेच प्रश्न द्यावेत व गुण लगेच लिहून ठेवावेत, नाहीतर चौथ्या उमेदवारापर्यंत पहिला काय म्हणाला होता, हे आठवत नाही.

गाव कुठले, हा आपल्याकडे ओळख काढण्याचा साधा प्रश्न आहे, पण त्यापुढे “कोणापैकी?” इथपर्यंत जाऊ नये, मापाच्या अचूकतेशी जातीचा काहीही संबंध नाही. मुलगी मुलाखतीला आली, तर लग्न कधी करणार, हेही विचारू नये. भरतीत स्त्री-पुरुष असा भेद करण्याला १९७६ च्या समान मोबदला कायद्यानेच मनाई केली होती. शिफ्टच्या वेळा आणि जाण्या-येण्याची सोय मात्र सर्वांनाच सारख्या शब्दांत विचारावी.

पगाराचे बोलणे मालकानेच, मोघम न ठेवता, करावे. “अठरा हजार” असे ऐकून आलेल्या माणसाच्या हातात पहिल्या महिन्यात त्याहून कमी रक्कम पडली की त्याला फसवल्यासारखे वाटते. पगार १८,००० आणि त्यात मूळ वेतन १५,००० असेल, तर १२ टक्क्यांनी पीएफचे १,८००, ०.७५ टक्क्यांनी ईएसआयचे (कामगार विम्याचे) १३५ आणि व्यवसाय कराचे २०० रुपये वजा होऊन पुरुष कामगाराच्या हातात १५,८६५ पडतात. हा हिशेब त्याच्यासमोर कागदावर मांडावा. रात्रपाळी किती वेळा येते, ओव्हरटाइमचा दर काय, पगार कोणत्या तारखेला होतो, हेही त्याच वेळी सांगावे, आणि मागच्या वर्षी पगाराला उशीर झाला असेल तर तेसुद्धा लपवू नये.

आयटीआयचे मूळ प्रमाणपत्र पाहून लगेच परत करावे आणि प्रत ठेवून घ्यावी. माणूस पळून जाऊ नये म्हणून मूळ कागद अडकवून ठेवणे अन्यायाचे आहे. जुन्या मालकाला फोन करायचा तर उमेदवाराची परवानगी घेऊन, आणि तो अजून तिथेच कामाला असेल तर करूच नये. “संधी मिळाली तर त्याला पुन्हा घ्याल का?” या एका प्रश्नाच्या उत्तरात, आणि उत्तराआधीच्या थांबण्यात, बरेच काही कळते.

निर्णय दोन दिवसांत कळवावा, निवड न झालेल्यांनाही. ऑफसेटमध्ये कमी पडला असे नेमके कारण सांगितले, तर तो ते शिकून पुन्हा येऊ शकतो, आणि पुढची जागा रिकामी झाली की पहिला फोन त्यालाच करता येतो.