निकेल शोधताना रिकामं निघालेलं होल

निकेल-तांब्याच्या शोधकामात येऊ पाहणारी पुण्या-नागपूरकडची मुलं मला हमखास विचारतात, कोणतं सॉफ्टवेअर शिकू? मी म्हणते, आधी कोअर, म्हणजे ड्रिलने जमिनीत पाडलेल्या खोल होलमधून निघणारी खडकाची कांडी, नीट बघायला शिका.

मी कॅनडात सडबरीच्या परिसरात काम करते. १८८३ मध्ये रेल्वेमार्ग टाकताना इथल्या धातुकाचा पत्ता लागला. सुमारे १८५ कोटी वर्षांपूर्वी इथे उल्का आदळली, खडक वितळला आणि त्यातून वेगळं झालेलं जड सल्फाइड (धातू आणि गंधकाचं संयुग) निकेल-तांबं घेऊन तळाशी साचलं. पृष्ठभागावर दिसणारं सगळं कधीच हाती लागलंय. उरलंय ते खोलवर, म्हणून भूभौतिकीशिवाय, म्हणजे खालच्या खडकांचे गुणधर्म यंत्रांनी मोजल्याशिवाय, गत्यंतर नाही.

इथे भिस्त विद्युतचुंबकीय सर्वेक्षणावर, म्हणजे ईएमवर. जमिनीवर वायरीचा मोठा चौकोन पसरायचा, कधी एकेक बाजू शेकडो मीटरची. त्यात वीज खेळवायची आणि झटकन बंद करायची. खाली सुवाहक काही असेल तर त्यात प्रवाह घुमतात आणि हळूहळू विझतात. सलग सल्फाइडमध्ये ते फार वेळ रेंगाळतात. पण ग्रॅफाइट (वीज वाहणारा कार्बन) असलेला शेल नावाचा गाळखडकही खोटी आशा लावतो, आणि जवळजवळ निकेल नसलेला पिरोटाइट, म्हणजे लोहाचं सल्फाइड, तर हुबेहूब तसाच प्रतिसाद देतो. यंत्राला वाहकता कळते, निकेल नाही. ते ड्रिलच सांगणार.

आणि ड्रिल बहुतेक वेळा ‘नाही’ म्हणतं. मग नवख्यांचे चेहरे उतरतात, लॉगिंग, म्हणजे कोअर बघून खोलीनुसार नोंदी करणं, उरकायची घाई होते. माझं कळकळीचं सांगणं आहे की रिकाम्या होलचं लॉगिंग जास्त मन लावून करा. होल झालं की त्यात ईएमचा प्रोब उतरवतात. होलपासून दहा-वीस, पन्नास मीटर दूरचा, मोठा असेल तर त्याहूनही लांबचा सुवाहक त्यात उमटतो. कोणत्या बाजूला आहे याचाही अंदाज येतो. आता समजा ४०० मीटरवर संकेत आला. तुमच्या नोंदीत तिथे ग्रॅफाइट असेल, तर उत्तर मिळालं. स्वच्छ नोराइट (वीज न वाहणारा अग्निजन्य खडक) असेल, तर तो संकेत होलबाहेरून येतोय आणि पुढचं होल तिकडे वळवायचं. तुम्ही ग्रॅफाइटचा हातभर पट्टा नोंदवलाच नसेल, तर लाखो डॉलर भलत्या दिशेला जातात. होल वाकतं कुठे, हेही मोजावं लागतं. पिरोटाइटजवळ चुंबकीय साधनांचं वाचन बिघडतं, तिथे चुंबकावर न चालणारा जायरो वापरा.

कोअर शेडमधली कामं साधी वाटतात, पण तीच पाया आहेत. एनक्यू या प्रचलित मापाची कोअर ४७.६ मिलिमीटर जाडीची. ड्रिलर ठरावीक अंतरावर खोली लिहिलेले लाकडी ठोकळे ठेवतात. ते प्रत्यक्ष लांबीशी ताडून बघा. कोअर धुवा, ओल्या कोअरचे फोटो कापण्याआधी काढा. भिंगाबरोबर चुंबक ठेवा: पिरोटाइट सहसा ओढला जातो, त्यातच दडलेला फिकट पितळी पेंटलँडाइट, म्हणजे निकेलचं मुख्य खनिज, नाही. हातातल्या एक्सआरएफचा (क्ष-किरणांनी मूलद्रव्यं मोजणाऱ्या यंत्राचा) आकडा त्या टिचभर जागेचा असतो, तो प्रयोगशाळेच्या अहवालासारखा कुणाला सांगू नका.

पूर्व कॅनडातल्या लॅब्राडोरमधला व्हॉइसीज बेचा निकेल-साठा जरूर अभ्यासा. १९९३ मध्ये हिऱ्यांच्या शोधात निघालेल्या दोघांना टेकडीवर गंजल्यासारखा खडक दिसला. पण सर्वांत समृद्ध भाग, ओव्हॉइड, त्या टेकडीवर नव्हताच. तो शेजारच्या सपाट जागेत, हिमनदीने आणलेल्या गाळाखाली होता. भूभौतिकीचा माग घेत केलेल्या ड्रिलिंगमध्ये तिथे शंभर मीटरहून जास्त सलग सल्फाइड लागलं.

हंगामाचं म्हणाल तर इथे बरंचसं ड्रिलिंग हिवाळ्यात होतं, कारण दलदल आणि तळी गोठली की यंत्र नेता येतं. थंडीची तयारी ठेवा. सडबरी ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोत पी.जिओ., म्हणजे व्यावसायिक भूवैज्ञानिक, म्हणून नोंदणीला पदवीबरोबर चार वर्षांचा अनुभव लागतो, म्हणून पहिल्या दिवसापासून कामाच्या नोंदी ठेवा.

परदेशीच यायला हवं असंही नाही. खनिजशोध करणाऱ्या एमईसीएल या सरकारी कंपनीचं मुख्यालय नागपुरात आहे, तांब्याची मलाजखंड खाण गोंदियाच्या पलीकडे बालाघाटात. आणि दख्खनच्या बेसाल्टवर वाढलेल्या प्रत्येकाने स्वतःला एक प्रश्न विचारावा: सायबेरियात अशाच लाव्हाच्या प्रदेशात नोरिल्स्कचं प्रचंड निकेल-तांबं साचलं, मग आपल्याकडे तसं काही का सापडलेलं नाही? शोध गंधकापासून सुरू करा. नोरिल्स्कच्या मॅग्माला वाटेत गंधकयुक्त गाळखडक भेटले होते. दख्खनच्या खाली कोणते खडक आहेत, ते नकाशा काढून बघा.