चिमणीचा आकडा बिघडतो कुठे? पऱ्हाटी-ब्रिकेटवरच्या छोट्या बॉयलरसाठी

खानदेशात छोट्या बॉयलरला जळण सहज मिळतं: पऱ्हाटीच्या (कपाशीच्या काड्यांच्या) ब्रिकेट म्हणजे दाबून केलेले ठोकळे, तुऱ्हाटी, भुईमुगाची टरफलं, बगॅस (उसाचं चिपाड), नाहीतर कोळसा. तपासणीत मात्र धुळीचा आकडा वर गेला की दोष जळणावर ढकलला जातो. कित्येकदा खरं कारण असतं डक्टमधून, म्हणजे भट्टीतून चिमणीकडे धूर नेणाऱ्या पत्र्याच्या वाटेतून, आत शिरणारी फालतू हवा. ते नीट समजायला आधी मर्यादा कोणती, ते पाहू.

पर्यावरण (संरक्षण) नियम, १९८६ च्या पहिल्या अनुसूचीत छोट्या बॉयलरची धूळमर्यादा वाफेच्या क्षमतेवर ठरते. ताशी २ टनांपेक्षा कमी असेल तर १२०० मिलिग्रॅम प्रति सामान्य घनमीटर, २ ते १० टनांच्या आत ८००, १० ते १५ टनांच्या आत ६०० आणि १५ टन व त्यापुढे १५०. हे झाले देशभराचे आकडे. तुमच्या संमतीपत्रात (कारखाना चालवायच्या परवानगीत) महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाने याहून कडक आकडा लिहिला असेल, तर तोच पाळायचा. म्हणून काम सुरू करण्याआधी संमतीपत्र काढून त्यातल्या चार गोष्टींवर खूण करा: जळणाचं नाव, रोजचं प्रमाण, चिमणीची उंची, धूळमर्यादा. कोळशाची संमती घेऊन ब्रिकेट जाळणं, किंवा त्याच्या उलट, हेही उल्लंघनच. जळण बदलायचं तर आधी संमतीत दुरुस्ती करून घ्या. बॉयलर इन्स्पेक्टरचा दाखला दाबाच्या सुरक्षेचा असतो, धुराशी त्याचा संबंध नाही. तो दाखवून मंडळाचा अधिकारी परत जात नाही.

चिमणी २ टनांच्या आत किमान ९ मीटर किंवा शेजारच्या इमारतीच्या अडीचपट, यांतलं जे जास्त ते. २ ते ५ टनांना १२ मीटर, ५ ते १० टनांना १५ मीटर. कोळसा असेल तर गंधकाचं गणितही करून ठेवा: ताशी निघणाऱ्या सल्फर डायऑक्साइडच्या किलोंचा ०.३ घात काढून त्याला १४ ने गुणायचं. ताशी ५०० किलो कोळसा, त्यात ०.५ टक्के गंधक, म्हणजे ५ किलो सल्फर डायऑक्साइड. उंची येते साधारण २२.७ मीटर. दोन्हींत जी जास्त ती बांधा, नंतर चिमणी वाढवणं महाग पडतं.

आता मुख्य गोष्ट. मोजलेला आकडा जसाच्या तसा धरत नाहीत. तो १२ टक्के कार्बन डायऑक्साइडवर आणून मग मर्यादेशी ताडतात. समजा ४ टनी बॉयलरच्या चिमणीत धूळ मोजली ४८० आणि कार्बन डायऑक्साइड होता ८ टक्के. ४८० गुणिले १२ भागिले ८, म्हणजे ७२०. पास. तीच धूळ ४८०, पण कार्बन डायऑक्साइड ५ टक्के, तर ११५२. नापास. चिमणीत जादा हवा सोडून धूर पातळ करायची युक्ती इथेच फसते: धूर फिका दिसतो, पण कागदावर आकडा वाढतो.

लाकूडवर्गीय जळणात कार्बन डायऑक्साइड आणि ऑक्सिजन यांची बेरीज साधारण २० ते २१ टक्के येते. म्हणजे १२ टक्क्यांसाठी ऑक्सिजन ८ ते ९ च्या आसपास हवा. आधी भट्टीच्या तोंडाशी ऑक्सिजन मोजा, मग आयडी फॅनच्या (धूर ओढून चिमणीत सोडणाऱ्या पंख्याच्या) आधी. मधे २-३ टक्क्यांची वाढ दिसली तर डक्ट गळतंय. आयडी फॅन चालू असताना डक्ट ओढीत असतं, म्हणून गळती बाहेर फुसफुसत नाही, आतच खेचली जाते आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पेटती अगरबत्ती सांध्याजवळ धरा. धूर आत ओढला गेला तर सापडली जागा. राखेची दारं, तपासणीची झाकणं, एक्स्पान्शन जॉइंट (डक्टमधला लवचीक सांधा) आणि सायक्लोनच्या, म्हणजे धूर गरगर फिरवून राख खाली पाडणाऱ्या शंकूच्या, खालचा रोटरी व्हॉल्व्ह (हवा न शिरू देता राख बाहेर टाकणारी फिरती झडप), याच क्रमाने पाहा. झाकणांना सिरॅमिक दोरी बसवा. ग्रेटवर (भट्टीतल्या जाळीवर) एका बाजूला जळण जमून दुसरी बाजू उघडी पडली तरी हवा तिथूनच पळते.

रोटरी व्हॉल्व्ह गळला तर दुहेरी नुकसान. खालून हवा वर चढते आणि शंकूत पडलेली राख परत उचलून चिमणीकडे नेते. हॉपर (खालचं राखेचं भांडं) तुडुंब भरलं तरी तेच. प्रत्येक पाळीत राख काढा. सायक्लोनच्या दोन टोकांना यू ट्यूब (दाब मोजायची पाण्याची नळी) लावून नवा असतानाचा दाबातला फरक लिहून ठेवा. तो एकदम उतरला तर आत भोक पडलंय किंवा बॉयलर कमी भारावर आहे. चढला तर नळ्या तुंबल्यात. पण सायक्लोनकडून बारीक राखेची अपेक्षा ठेवू नका, ५ मायक्रॉनच्या खालचे कण तो बऱ्यापैकी सोडून देतो. संमतीत १५० लिहिलं असेल तर बॅग फिल्टरच, म्हणजे धूर कापडी पिशव्यांतून गाळणारं यंत्र, लागेल. साधी पॉलिएस्टरची पिशवी १३० अंशांच्या वर टिकत नाही, आणि ठिणगीने भोक पडतं, म्हणून आधी सायक्लोन हवाच. थंड बॉयलर पेटवताना उलटी अडचण असते: वाफेचं पिशवीवर पाणी होतं आणि राखेचा लगदा बसतो.

जळण कोरडं हवं. पऱ्हाटी जानेवारी-फेब्रुवारीत उपटून येते. शेंदरी बोंडअळीसाठी शेत लवकर मोकळं करायला कृषी खातंही सांगतंच. तेव्हाच घेऊन जूनच्या आत शेडखाली टाका. १५ टक्क्यांच्या आत ओलावा उत्तम, ३० च्या पुढे दाट धूर ठरलेला, शिवाय वजनात पाण्याचे पैसे. पऱ्हाटीच्या राखेत पोटॅश जास्त, ती लवकर वितळून ग्रेटवर क्लिंकर (राखेचे टणक गोळे) धरते. प्लास्टिकचे तुकडे, पाइपची कतरण, रबर भट्टीत टाकू नका. पीव्हीसीतून हायड्रोक्लोरिक आम्ल निघतं, नळ्या खातं, आणि डायॉक्सिनचाही धोका. सायक्लोन यातलं काहीच अडवत नाही.

नमुना घ्यायचं पोर्ट होल वाकणाच्या किंवा डक्ट-जोडाच्या पुढे चिमणीच्या व्यासाच्या आठपट आणि टोकाच्या खाली दोनपट अंतरावर ठेवा, मजबूत शिडी आणि कठडा असलेल्या प्लॅटफॉर्मसह. नमुन्याच्या दिवशी बॉयलर रोजच्या भारावर चालवा, रोजचंच जळण टाका, काजळी झाडायचं काम दोन तास आधी उरका. वाफ आणि जळण दर अर्ध्या तासाने नोंदवा. प्रयोगशाळा मान्यताप्राप्त हवी. अहवालात तापमान, वायूचा वेग आणि कार्बन डायऑक्साइड दिसलाच पाहिजे. तो रकाना कोरा असेल तर अहवाल स्वीकारू नका, कारण त्याशिवाय १२ टक्क्यांचं गणित होतच नाही. आधीच्या वर्षाचं पर्यावरण विवरण ३० सप्टेंबरपर्यंत भरायचं असतं, हे आकडे तिथे लागतील.