शहर सुरक्षेचा निधी आणि सीसीटीव्ही : प्रस्तावापासून पुराव्यापर्यंत या चुका टाळा

पहिली चूक विषयाच्या ओळीतच होते. ‘दहशतवादापासून शहराचे संरक्षण’ असा प्रस्ताव गेला की पहिला प्रश्न येतो, कोणत्या योजनेतून? अमेरिकेत २००३ पासून धोक्याचं मूल्यमापन करून मोठ्या महानगरांसाठी असं अनुदान मिळतं. आपल्याकडे पैसा निरनिराळ्या योजनांतून येतो आणि प्रत्येकीची अट वेगळी. निर्भया निधीतली सेफ सिटी योजना देशातल्या आठ महानगरांपुरती, महाराष्ट्रातून एकटी मुंबई, आणि तिचा हेतू महिला सुरक्षा. पोलीस आधुनिकीकरणात केंद्र-राज्य वाटा ६०:४०. स्मार्ट सिटीत मराठवाड्यातून फक्त औरंगाबाद, म्हणजे आजचं छत्रपती संभाजीनगर. ते अभियानही मार्च २०२५ ला संपलं. नांदेड, लातूर, परभणीसाठी व्यवहार्य वाट म्हणजे जिल्हा वार्षिक योजना. तेव्हा जिल्हा नियोजन समितीपुढे जाताना गुन्हे शोध, वाहतूक, गर्दी नियंत्रण आणि घातपात प्रतिबंध अशी चारही कामं एकाच यंत्रणेतून कशी होतील, ते मांडा. घातपात रोज होत नाही. वाहतूक रोज असते. रोज वापरली जाणारी यंत्रणाच चालू राहते.

‘शहरात ५०० कॅमेरे’ हे उद्दिष्ट नव्हे

आकडा बातमीला बरा, अंदाजपत्रकाला नाही. चेहरा ओळखायचा असेल तर चित्रात दर मीटरला २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस पटवायला १२५. नुसती हालचाल निरखायला साधारण ६२. दोन मेगापिक्सेल कॅमेऱ्याच्या चित्राची रुंदी १९२० पिक्सेल. म्हणजे अनोळखी चेहरा पटेल असा पट्टा जेमतेम ७.७ मीटरचा. तोच कॅमेरा ३० मीटर रुंद चौकावर लावला तर मीटरमागे ६४ पिक्सेल उरतात. माणूस दिसतो, कोण ते कळत नाही. म्हणून प्रत्येक कॅमेऱ्यापुढे तक्त्यात एक रकाना हवाच : हा काय ओळखणार? चेहरा, नंबर प्लेट की गर्दी. नंबर प्लेटचा कॅमेरा वेगळा असतो. त्याला वेगवान शटर, इन्फ्रारेड प्रकाश आणि गाडीच्या दिशेशी ३० अंशांहून कमी कोन लागतो.

साठवणूकही इथेच मोजा. ४ एमबीपीएसने, म्हणजे सेकंदाला ४ मेगाबिटने, एक कॅमेरा दिवसाला ४३ जीबी भरतो, ३० दिवसांत १.३ टीबी. दोनशे कॅमेऱ्यांना २६० टीबी, वर एखादी डिस्क बंद पडली तरी माहिती शाबूत राहावी म्हणून लागणारी जादा जागा. ही बेरीज चुकली की जुनं चित्रण आपोआप पुसलं जातं. घातपाताआधीची टेहळणी बऱ्याचदा त्या जुन्या चित्रणातच असते.

काळ्या मातीतला खांब

मुंबई-पुण्याच्या निविदेची नक्कल केली की इथे फसगत होते. आपली काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडून आकसते. उथळ पायाचा खांब दोन पावसाळ्यांत कलतो. दोन अंश कलला तरी ५० मीटरवरचं चित्र पावणेदोन मीटर सरकतं. कॅमेरा ‘चालू’, पण नंबर प्लेट चौकटीबाहेर. पाया काळ्या थराखाली मुरमापर्यंत न्या, खड्डा त्याच मातीने न बुजवता मुरूम ठोकून भरा आणि अंदाजपत्रकात ही खोली स्वतंत्र बाब म्हणून दाखवा. अर्थिंगलाही हाच त्रास. माती सुकून सळईपासून सुटते आणि अवकाळीतली पहिली वीज नेटवर्क स्विच जाळून जाते. अर्थिंगची मोजणी पावसाळ्यात करू नका, मे महिन्यात करा. विजेचा अचानक झटका अडवणारा सर्ज प्रोटेक्टर वीजवाहिनीवर असतो, नेटवर्कच्या तारेवर बसवायचा राहतो, दोन्हीकडे हवा.

खांबावरच्या लोखंडी पेटीत बॅटरी भाजून निघते. लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य २५ अंशांना धरलेलं असतं आणि त्यावर दर १० अंशांना साधारण निम्मं होतं. बाहेर ४३ अंश असताना पेटीच्या आत काय होत असेल! फिकट रंग, दुहेरी छत, जाळीदार झरोका आणि खांबाच्या उत्तरेला पेटी, एवढ्यानेही फरक पडतो.

बिल कोण भरणार?

यंत्रणा बंद पडण्याचं सर्वात लाजिरवाणं कारण महावितरणचं थकलेलं बिल. कॅमेरे पोलिसांचे, खांब महापालिकेचा, मीटर तिसऱ्याच्या नावावर. वीज, फायबर भाडं आणि पाच वर्षांची देखभाल यांची तरतूद कोणाच्या अंदाजपत्रकात, हे प्रशासकीय मान्यतेआधी लेखी ठरवा. जलवाहिनीच्या खोदकामात फायबर तुटली तर जोडणीचा खर्च खोदणाऱ्याकडून वसूल होईल, अशी अट रस्ता खोदाईच्या परवानगीतच घाला. ठेकेदाराचं देयक कॅमेऱ्याला पिंग लागतो, म्हणजे नेटवर्कवर तो प्रतिसाद देतो, म्हणून काढू नका, चित्र पाहून काढा. काचेवर धुळीचा थर असला तरी पिंग लागतोच.

मार्चअखेरीची घाई ओळखीची आहे : निधी परत जाऊ नये म्हणून कॅमेऱ्यांची खोकी आधी, जागेची पाहणी नंतर. पाहणी आणि तांत्रिक मान्यता डिसेंबरपर्यंत उरका. कॅमेऱ्यांना एप्रिल २०२५ पासून सायबर सुरक्षेचे नियम लागू आहेत. एसटीक्यूसी या केंद्र सरकारच्या यंत्रणेच्या चाचणीचं प्रमाणपत्र निविदेतच मागा आणि मॉडेल क्रमांक जुळवून पाहा.

चित्रण आहे, पुरावा नाही

हा धडा जालन्याचाच. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीवरून झालेल्या खोतकर विरुद्ध गोरंट्याल खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी स्पष्ट केलं की मूळ उपकरण हजर केलं नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ मध्ये आहे. प्रमाणपत्राचे दोन भाग, एक यंत्रणा सांभाळणाऱ्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि त्यात हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा अंकीय ठसा. ही व्हॅल्यू प्रत काढतानाच नोंदवा. सगळ्या कॅमेऱ्यांची घड्याळं एकाच सर्व्हरशी जुळलेली ठेवा. दोन चौकांतल्या वेळेत चार मिनिटांचा फरक असला तर उलटतपासणीत तेवढं पुरतं.

मेटल डिटेक्टरच्या कमानीचं थोडक्यात. नवरात्रात तुळजापूरसारख्या गर्दीत लोखंडी बॅरिकेडला खेटून उभी केलेली कमान सतत वाजते, आणि सतत वाजणाऱ्या कमानीकडे कोणी पाहत नाही. बॅरिकेड दूर सरकवा, दोन कमानींत अंतर ठेवा. कमानीमागे तपासणीला हँड डिटेक्टर घेतलेले एक पुरुष आणि एक महिला कर्मचारी प्रत्येक पाळीत मिळणार नसतील, तर तेवढ्या कमानी मागूच नका.